दसाराम, तुझ्या फटफटीचा आवाज

रविवार, ९ मार्च १९४७. मुर्री. तुझी तेरवी.

हजर: जानकीवहिनी. तुझा थोरला भाऊ, जो चार वर्षं तुझ्याशी बोलला नव्हता आणि आज सगळ्यांत मोठ्याने रडला. चिचटोल्याची एकोणीस माणसं, दोन दिवस बैलगाड्या हाकत आलेली, त्यांत पुढे मंगरीबाई. तुझी सीट शिवणारे हनीफचाचा. मी, तुळशीराम मिस्त्री. आणि अंगणात, शेवग्याला टेकवून, तुझी फटफटी.

गैरहजर: पोलीस थाण्याचा शिपाई, येतो म्हणाला होता. आणि ते पाच जण. त्यांची नावं वहीत वेगळ्या पानावर आहेत.

तू असतास तर म्हणाला असतास, "तेरवीचीबी हजेरी घेऊन रायला का बे, तुळशा?" घेऊन रायलो. कोणीतरी लिहायला हवं. थाण्यात एकच ओळ लिहिली आहे: मोटारसायकलवरून पडून मृत्यू. मी तुला धुतलं, दसाराम. डोक्याची मागची बाजू माझ्या ओंजळीत मऊ लागली. डावीकडची एकही बरगडी जागेवर नव्हती. जे दात तोंडात उरले नव्हते ते घशात होते. गाडीवरून पडलेला माणूस एका बाजूने फुटतो. तू सगळीकडून फुटला होतास.

तुझा जन्म, शिक्षण, तुरुंग हे सांगायला आज तिघे उठले आणि तिघांनीही तेच सांगितलं. ते मी लिहिणार नाही. मला तू गाडीमुळे माहीत आहेस. खरं तर त्याच्याही आधीपासून; तिशीच्या घोड्याला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवणारा मास्तर दुसरा कोण होता? मी 'क' उलटा काढला की तू माझ्या बोटांवर रूळ मारायचास, आणि मी पाना दाखवून म्हणायचो, आता माझी पाळी. ही वही त्या अक्षरात आहे. तू शिकवलं नसतंस तर आज मला एवढंही करता आलं नसतं.

लष्कराने लढाईनंतर गाड्या विकायला काढल्या त्यांत तुला ही मिळाली. गोऱ्या सोल्जराच्या मापाची गाडी. रुंद हँडल, उंच सीट, खालच्या स्प्रिंगा तर एखाद्या रेड्याला बसवावं इतक्या कडक. आणि वर बसणारा तू, हाडांची मोळी. पहिल्यांदा देवरीला जाऊन आलास तेव्हा तुला उतरता येईना. मी आणि हनीफचाचांनी तुला पोत्यासारखं उचलून बाकावर ठेवलं. लघवीला गेलास तर लाल झाली. तरी म्हणालास, "गाडी झकास आहे. फक्त अंगाले लागते."

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने झाले. डावीकडे गाडीचं काम, उजवीकडे कारण. डावा रकाना कोणत्याही मिस्त्रीला कळेल. उजव्या रकान्यात नुसते मार आहेत.

डावा पायटा (पाय ठेवायची दांडी) दोन इंच खाली, चार इंच पुढे, ब्रेकला जोडपट्टी: बेचाळीस साली कमरेवर पडलेली लाठी. मी तेव्हा माझ्या दुकानाच्या दारात, तुझ्यापासून सहा हातांवर होतो. हाड मोडल्याचा आवाज वाळलेली फांदी मोडल्यासारखा येतो असं लोक सांगतात. तसा नाही येत. ओल्या बांबूसारखा येतो. तुझा डावा पाय नंतर कधी पुरता वाकला नाही.

क्लचची मूठ लांब, तार ग्रीस भरून सरळ ओढलेली: गेल्या साली आठवडी बाजार. मालगुजाराच्या माणसांनी तुझं डावं मनगट बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांत घातलं आणि बैल हाकला. मालगुजाराचं नाव सगळ्या चिचटोल्याला ठाऊक आहे. ते मी इथे तुझ्या नावाशेजारी बसवणार नाही. भांडण साधं होतं. तलावाची पाळ दर उन्हाळ्यात फुटायची, दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस तिथे फुकट राबायचा, आणि पाणी उतरायचं ते मालगुजाराच्या धानाच्या बांध्यांत. ज्यांच्या आजोबांनी तो तलाव खोदला त्यांचीच नातवंडं बेगारीला. तू गावोगाव फिरून एवढंच सांगत होतास की पाणी नाही तर मातीची पाटी उचलू नका. तेवढ्यासाठी मनगट.

सीटचं काम मात्र आपण हसत केलं, आठवतं? स्प्रिंगा बदलल्या, पण चामडं दगडासारखं. मी म्हटलं, आत सावरीचा कापूस भरू. हनीफचाचा चिडले. "मास्टर क्या दुल्हन है, जो सेमल की गद्दी पे बिठाओगे? दो महीने में बैठ जाएगी, फिर मुझे गाली दोगे." मग घोड्याच्या केसांचा थर खाली, सावर वर, आणि मधोमध तुझ्या कमरेसाठी बोटभर खळगा. तू बसलास, डोळे मिटलेस, म्हणालास, "चाचा, आता कोनी मारलं तरी बसूनच मार खाईन." हनीफचाचांनी सुई खाली ठेवली आणि तुला आईवरून शिवी दिली. आज ते जेवले नाहीत. सीटच्या शिवणीवरून नुसता अंगठा फिरवत होते.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. मी सीटखाली पकड बसवली होती, दोन फुटी सळई राहील अशी. तुला न विचारता. तुला कळलं तेव्हा तू सळई काढून माझ्या दुकानाच्या दारात फेकलीस आणि त्या पकडीत छत्री अडकवलीस.

"छत्रीनं का डोस्कं फोडशीन त्याह्यचं?" मी विचारलं.

"पाऊस येते ना बे."

"कार्तिक चालू आहे!"

"तं मंग ऊन लागते."

ती छत्री तुझ्याबरोबर नाल्यात सापडली, पकडीतच. मोडलेलीही नव्हती. पाच माणसं कुऱ्हाडीच्या दांड्यांनी तुझा चेंदा करत होती आणि सीटखाली तुझी छत्री शाबूत होती. सळई असती तर तू एकाचं तरी डोकं फोडलं असतंस. तू म्हणाला असतास, मग थाण्यात दुसरी ओळ लिहिली गेली असती, माझ्या नावावर खुनाची. असेल. मला पटत नाही. तुला धुताना पटलं नाही, आजही पटत नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

तुझी गाडी दोन मैलांवरून ऐकू यायची. चिचटोल्याच्या अलीकडे जो नाला आहे, त्याच्या उतारावर तू गिअर बदललास की मंगरीबाई चुलीवरची पेज उतरवून ठेवायची आणि गाव वावरातून निघायचं. आवाज मध्येच थांबला तर माणसं बघायला यायची. पावसाळ्यात तुझी चेन तुटली तेव्हा पाव तासात सात जण हजर, बांबू घेऊन, आणि गाडगंभर पेज. तू मला हे सांगत होतास आणि मी चेनच्या कड्या मोजत होतो.

मग डिसेंबर. त्याच नाल्यात तिघांनी तुला अडवलं. एकाने हँडल धरलं. तू न उतरता, गाडी न्यूट्रलला टाकून, उजवी मूठ, रेसची, पुरती पिरगळलीस. नाला दणाणून गेला. आधी मंगरीबाई मुसळ घेऊन धावली, मागून गाव. तिघे पळाले. त्यांतला एक पाय मुरगळून पडला, तर मंगरीबाईने त्याला मुसळाने दोन दिले आणि पागोटं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात तू लंगडत नाचत होतास. "तुळशा, हत्यार आहे हे! तुझी सळई ठेव तुझ्यापाशी!"

मी काय केलं? प्लग काढला, काजळीने काळाकुट्ट झालेला, आणि तुझ्यावर ओरडलो. वहीत आहे: प्लग काळा. कारण, उभ्या गाडीवर रेस. पुन्हा करू नये असं सांगितलं.

जानेवारीत मालगुजाराच्या दिवाणजीने तुला पाळीवर बोलावलं आणि बोलता बोलता पायातली लाकडी खडाव काढून कानाखाली हाणली. पडदा फाटला. कानातून पू यायला लागला, आणि गाडीवरून उतरलास की तुझं डोकं गरगरायचं. कापूस घातला तर पुवाला चिकटायचा. एकदा माझ्या दुकानासमोर उभ्या गाडीवरून सरळ आडवा झालास. वहिनी दुपारी एकट्या दुकानात आल्या. कधी येत नाहीत.

"भाऊजी, त्या आवाजाचं काई करा ना. घरी आले का भिंत धरून चालते हे. रस्त्यात पडले तं?"

मी म्हटलं, करतो.

तुला सांगितलं तर तू पेटलास. "आवाज राहू दे. लोकायले समजते मी येऊन रायलो."

"तू का नवरदेव हायेस, वाजतगाजत जायले?"

तू प्लगचा पाना फेकलास. माझ्या नडगीला लागला, अजून काळं आहे. मी तुझी गचांडी धरली. दोन म्हातारे होत आलेले गडी, एकाला कान नाही, दुसऱ्याला अक्कल नाही, ग्रीसमध्ये लोळत होतो. शेवटी तूच सोडलंस. सोडताना म्हणालास, "तुले समजत नाई, तुळशा. तू दुकानातून कधी निघालाच नाईस." ते खरं होतं. चिचटोल्याला ये म्हणून तू दर वेळी म्हणायचास आणि मी दर वेळी म्हणायचो, पुढच्या खेपेला.

मग तुला मलेरियाने पाडलं आणि मला नऊ दिवस मिळाले. जुन्या लॉरीचा सायलेन्सर कापला. आत भोकांच्या तीन चकत्या, मध्ये लेथचा लोखंडी कीस दाबून भरला. जागच्या जागी तीनदा काढला, तीनदा बसवला, इंजिनाचा दम कोंडू नये म्हणून. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं काम, दसाराम. तू उठलास, रागाने किक मारलीस, आणि गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. तू गोंदियाच्या बाजारातून एक फेरी मारून आलास. उतरलास. भिंत धरली नाहीस.

"हरामखोरा," म्हणालास, "बरं वाटते."

त्या दिवशी वहिनींनी मला जेवायला वाढलं. दोनदा वरण घेतलं मी.

पंधरा दिवस जवळपासची गावं केलीस. चिचटोल्याला त्या गाडीने पहिल्यांदा निघालास तो मंगळवार, २५ फेब्रुवारी. लख्ख उजेडात, अकराच्या सुमाराला. नाल्यात आडवा दोर होता. एवढंच सगळे सांगतात, कारण दोर सापडला. पुढचं कोणी पाहिलं नाही; दांडे घेऊन नाल्यातून परतणारे मालगुजाराचे पाच जण तेवढे एका गुराख्याने ओळखले, पण तो थाण्यात बोलायला तयार नाही. मंगरीबाई दुपारी पाणी आणायला उतरली तेव्हा तू पालथा होतास आणि गाडी तुझ्या पायावर.

पुढचं मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी गाडी बैलबंडीतून माझ्या दुकानात आली. टाकी दांड्यांनी चेपलेली, दिवा फुटलेला, माझ्या पायट्याला रक्त आणि केस. मी यादी करायला बसलो, कारण दुसरं काही सुचेना. उजव्या मुठीवर आलो. हातांना हादरे लागू नयेत म्हणून मीच तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. त्या पट्टीत चार नखं रुतलेली होती, आरपार. मूठ पुऱ्या रेसवर पिरगळलेली, तिथेच वाकून अडकलेली. पडताना मूठ सुटते, दसाराम. पिरगळलेली ती कोणीतरी मुद्दाम धरून ठेवावी लागते. मग मी प्लग काढला.

काळाकुट्ट.

पडल्या गाडीवर, पाठीत दांडे बसत असताना, तू मूठ पिरगळून धरली होतीस. किती वेळ ते मला प्लग पाहून कळतं, कारण डिसेंबरचा प्लग मी पाहिला होता. हा त्याच्याहून काळा होता. तू गावाला हाक मारत होतास, आणि मी बनवलेला डबा ती हाक गिळत होता. मंगरीबाई दोन वावरं पलीकडे लाखोडीचं पीक उपटत होती.

मी प्लग खिशात घातला. अजून खिशात आहे. कुणाला सांगितलं नाही. त्या पाचांची नावं लिहिली आणि खाली सहावा आकडा टाकून जागा मोकळी सोडली.

आज पंगत उठायच्या आधी मंगरीबाई माझ्यासमोर उभी राहिली. ती हळू बोलत नाही, तुला माहीत आहे.

"मिस्त्री, मले एक सांग. मी तं तेथीच होती. फटफटीचा आवाज काऊन नाई आला?"

मी म्हटलं, "पडल्याबरोबर इंजिन बंद झालं असंन."

"अन् पडाच्या आंधी?"

"वारा उलटा असंन, बाई."

वहिनी ताक वाढत होत्या, त्यांच्या हातातली पळी पातेल्यावर थांबली आणि मग पुन्हा चालली. मी खाली बघून भात कालवला. तू मला खोटं लिहायला शिकवलं नाहीस. बोलायला मी आपणच शिकलो.

मला स्वतःसाठी भीती नाही. मंगरीबाईने मुसळ माझ्या डोक्यात घातलं तर मी डोकं पुढे करीन. पण खरं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, हे कोणाच्या सांगण्यावरून केलंस? आणि भिंत धरून चालणाऱ्या नवऱ्याची काळजी करणारी बाई त्याच अंगणात ताक वाढते आहे. म्हणून खोटं बोललो. तू काय म्हणाला असतास? तू म्हणाला असतास, जानकीले तू का कुक्कुलं बाळ समजतेस? तीच ती बाई, जिने बेचाळीसमध्ये शिपायाच्या हाताला चावून तुला सोडवलं होतं. मेल्यावरही भांडण जिंकतोस.

मंगरीबाई जाताना एवढंच बोलली. येत्या बुधवारी मालगुजाराने पाळीवर घरटी एक माणूस बोलावला आहे. तू गेल्यापासून अर्धं गाव वाकलं आहे, उरलेलं अर्धं वाट पाहतं आहे. "कोनी तरी फटफटी घेऊन या, मिस्त्री. दिसली नाई तरी चालन. आमी आयकत रावू."

मी येतो म्हटलं. या खेपेला.

गेल्या दहा दिवसांत गाडी उभी केली आहे. टाकी ठोकून सरळ केली, झाळली. चाकाच्या आऱ्या ताणल्या. दिवा दुसरा. चेन नवी, तेल बदललं, ब्रेक घासून पाहिले. काल पहिल्यांदा बसून पाहिलं. माझं धड अंग तुझ्या गाडीवर बसेना. डावा पाय शोधत खाली जातो, कंबर आपोआप त्या खळग्यात कलंडते, क्लचवर बोटं नको तितकी लवकर मिटतात. दहा मिनिटांत माझी तीच तीच हाडं दुखायला लागली. पायटा वर घ्यायला पाना लावला आणि काढून घेतला. चाळीसेक मैल मी तसाच जाईन. पकडीत छत्री आहे. सळई मी घरून आणली आहे, ती शेवग्याखाली पडली आहे. पकडीत दोन्ही एकदम बसत नाहीत, आणि मी अजून ठरवलेलं नाही.

आता पाच वाजले. चिचटोल्याच्या बंड्या गेल्या. तुझा भाऊ झोपला. वहिनी अंगणात पत्रावळी गोळा करताहेत, फटफटीपासून चार पावलांवर. पाना माझ्या हातात आहे, अर्ध्या इंचाचा. नळीचे दोन बोल्ट, पाच मिनिटांचं काम. पहिल्या बोल्टला पाना लावला की त्या विचारतील, "हे काऊन काढून रायले, भाऊजी?"

बाकी: सायलेन्सर काढणे. त्याआधी वहिनींना प्लग दाखवणे.